अकरा एमबीवर अडकलेली कॉपी

भावाचा फोन आला तेव्हा तो चांगलाच वैतागला होता. सहलीचे चाळीस जीबीचे व्हिडिओ लॅपटॉपवरून घरच्या नॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणाऱ्या डिस्कांच्या डब्यावर, टाकायला घेतले होते आणि विंडोज म्हणत होतं, अजून एक तास.

"ताई, याच्या डिस्क गेल्या बहुतेक. नवीन मागवू का?"

"थांब. स्पीड किती दाखवतंय?"

"अकरा पॉइंट दोन."

"खालीवर होतंय का?"

"नाही ना. मघापासून तिथेच चिकटलंय. अकरा पॉइंट दोन, फार तर तीन."

"नॅसची वायर कुठून नेलीयस?"

"कपाटामागून."

"मग डिस्कला हात लावू नकोस. कपाट सरकव."

कपाटाचा मागचा पाय बरोबर केबलवर होता. वायर दिसायला शाबूत, फक्त एका जागी चपटी झालेली. दुसरी केबल लावली आणि उरलेली कॉपी ११२ वर पळायला लागली. तासाचं काम सहा मिनिटांवर आलं.

यात अंतर्ज्ञान वगैरे काही नाही. ११.२ हा आकडाच ओरडून सांगत असतो की तो कुठून आलाय. घरातला नॅस रांगायला लागला की बहुतेक जण सेटिंगमध्ये शिरतात, दहा ठिकाणी टिक करतात, शेवटी नवीन डिस्क घेतात. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. त्याआधी कॉपीच्या खिडकीत 'अधिक तपशील'वर क्लिक करून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. किती वेग आहे आणि तो कसा वागतोय, या दोन गोष्टींवरून निम्मं निदान होतं.

आकडा वाचायचा तर आधी एककांचा घोळ मिटवायला हवा. नेटवर्कवाले वेग बिटमध्ये सांगतात, फाइलवाले बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. त्याला आठाने भागा, १२५ मेगाबाइट झाले. पण हे १२५ कॉपीच्या खिडकीत कधीच दिसत नाहीत, कारण डेटा सुटा जात नाही, पाकिटांतून जातो. नेहमीच्या एका पाकिटामागे तारेवर १५३८ बाइटची जागा खर्च होते आणि त्यात तुमच्या फाइलचे असतात साधारण १४५०. बाकीचं पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधलं मोकळं अंतर. म्हणजे पाच-सहा टक्के वाटेतच गेले. त्यात विंडोज एमबी मोजताना १००० नाही, १०२४ च्या हिशेबाने मोजतं, म्हणून आकडा आणखी थोडा लहान दिसतो. या सगळ्या कापाकापीनंतर गिगाबिटच्या तारेवर विंडोजमध्ये जो सर्वोत्तम वेग दिसतो तो ११२-११३. तुमचा तेवढा येत असेल तर तुमच्याकडे काहीही बिघडलेलं नाही. तार भरून वाहतेय.

हाच हिशेब १०० मेगाबिटच्या तारेला लावा. ११.२.

म्हणून भावाने "अकरा पॉइंट दोन, आणि हलत नाही" म्हटल्यावर विचार करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. थकलेली डिस्क अशी एका आकड्याला चिकटून बसत नाही, ती धडपडते, अडखळते. बरोबर दहावा हिस्सा आणि तोही स्थिर, याचा अर्थ वाटेत कुठेतरी गिगाबिटची जोडणी १०० वर उतरलीय.

ती उतरते कशी हे बघण्यासारखं आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. जुन्या १०० मेगाबिटच्या पद्धतीला त्यातल्या दोनच जोड्या लागत, नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी नुसत्याच पडून. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट प्रमाणित झालं, त्याने चारही जोड्या कामाला लावल्या. आता गंमत अशी की केबल खोचल्यावर दोन्ही टोकांची यंत्रं 'तुला किती जमतं, मला किती जमतं' ही बोलणी नारिंगी-हिरव्या जोड्यांवरच करतात. तपकिरी तुटलेली असली तरी बोलणी छान होतात, दोघंही गिगाबिटला हो म्हणतात, आणि प्रत्यक्ष सुरुवात करताना कळतं की एक जोडी बोलतच नाहीये. मग बरीचशी नेटवर्क कार्डं एकदोन प्रयत्न करून मुकाट्याने १०० वर उतरतात. ना कसला इशारा, ना लाल दिवा. इंटरनेट चालतं, सिनेमा चालतो, महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसतो. मोठी कॉपी लावेपर्यंत.

कपाटाचा पाय हे एक कारण झालं. बाकीची नेहमीची: दारात चिणलेली वायर, घाईत क्रिम्प केलेला, म्हणजे हत्याराने दाबून बसवलेला कनेक्टर, ज्याच्या टोकात एक तार आत पोचलेलीच नाही, मूळची चारच तारांची स्वस्त केबल, आणि खटका तुटल्यामुळे पोर्टमध्ये सैल बसणारं टोक. शेवटचं कारण सगळ्यात छळवादी. बोट लावलं की जोडणी गिगाबिट होते, बोट काढलं की १००.

पण केबल बदलूनही ११ च राहिले, तर वाटेतलं प्रत्येक यंत्र बघावं लागतं. अजूनही कितीतरी घरांत राउटरच्या मागचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. वायफाय कितीही नव्या पिढीचं असो, पोर्ट जुनेच. एखाद्या वेळी टीव्हीमागे कधीकाळी लावलेला पाच पोर्टांचा जुना स्विच, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडणारी डबी, नॅसच्या वाटेत येऊन बसलेला असतो. वेग किती ठरलाय हे विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' म्हणून दिसतं, नॅसच्या स्वतःच्या पानावरही कुठेतरी असतं. दोन्हीकडे बघा. तुमच्या लॅपटॉपकडे १००० दिसतात म्हणून निश्चिंत होऊ नका, ते फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्याच तुकड्याबद्दल असतात. पुढच्या तुकड्याची चौकशी नॅसकडेच करायची.

लॅपटॉप वायफायवर असेल तर गोष्टच वेगळी. दोन अँटेनांचा वायफाय ५ चा लॅपटॉप '८६६ मेगाबिट' दाखवतो आणि माणूस समजतो, हे जवळजवळ गिगाबिटच. तसं नसतं. तारेत येणारी आणि जाणारी वाहतूक एकाच वेळी चालते. हवेत एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्यात प्रत्येक पाकिटाची पोच, शेजारच्या घरांतली नेटवर्क, मधल्या भिंती. त्यामुळे त्या ८६६ पैकी राउटरच्या खोलीत बसून निम्मे ते दोन तृतीयांश हाती लागले तर चांगलं झालं म्हणायचं, म्हणजे सेकंदाला पन्नास ते सत्तर एमबी. दोन भिंती ओलांडल्या की वीस.

त्याहून वाईट म्हणजे लॅपटॉप गुपचूप वायफायच्या जुन्या, हळू पट्ट्यावर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवर जाऊन बसतो तेव्हा. तिथे जोडणी १४४ मेगाबिटची मिळाली तरी हातात आठ-दहा एमबी येतात, आणि हा आकडा तुटक्या केबलच्या आकड्याच्या इतका जवळ आहे की फसायला होतं. ओळखायची खूण तीच, हलतोय का? तारेचे ११.२ खिळ्यासारखे स्थिर असतात. वायफायचे दहा कधी सहा होतात, कधी तेरा, कुणी खोलीचं दार लावलं तरी बदलतात.

आणि नॅस वायफायवर ठेवू नका. कुणी म्हणेल, पोर्ट दूर आहे, वायर ओढायचा कंटाळा. पण मग प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून नॅसकडे, बहुतेक वेळा त्याच एका चॅनलवर. वेग तिथेच अर्धा झाला. मधे बिनतारी रिपीटर असेल तर आणखी एक फेरी. घरात एकच वायर ओढणार असाल तर ती नॅसची ओढा.

आता समजा आकडा ११ ही नाही आणि ११२ ही नाही. चाळीस आहे, साठ आहे, कधी काही, कधी काही. इथे घोडं कुठे पेंड खातंय हे आकड्यावरून नक्की सांगता येत नाही. मग वाटेचे तुकडे करायचे. फाइलचा प्रवास बघा: लॅपटॉपची डिस्क, लॅपटॉप, तार किंवा हवा, राउटर, पुन्हा तार, नॅसचा प्रोसेसर, नॅसची डिस्क. सगळ्यात हळू तुकडा जेवढा, तेवढाच सगळ्या प्रवासाचा वेग. बाकीचे कितीही पळोत.

तुकडे करायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी डिस्क बाजूला काढून नुसतं नेटवर्क मोजायचं. त्यासाठी आयपर्फ ३ नावाचं फुकट मिळणारं छोटं साधन आहे. ते नॅसवर 'सर्व्हर' म्हणून चालू करायचं, लॅपटॉपवर 'क्लायंट' म्हणून, आणि ते दहा सेकंद मेमरीतला बिनकामाचा डेटा इकडून तिकडे फेकून वेग सांगतं. कुठलीही डिस्क यात हलत नाही. गिगाबिटच्या धडधाकट तारेवर ९४० मेगाबिटच्या आसपास यायला हवेत. मग तीच चाचणी उलट्या दिशेने करायची, नॅसकडून लॅपटॉपकडे. त्यासाठी क्लायंटच्या आज्ञेत 'आर' हे मोठं अक्षर जोडायचं असतं. उलटी चाचणी लोक हमखास विसरतात आणि नेमका दोष एकाच दिशेने असतो. जाताना ९४०, येताना ३००, असं बघितलंय मी. लिनक्सवाल्या, म्हणजे बहुधा नॅसच्या टोकाकडून पाठवलं तर निकालात किती पाकिटं पुन्हा पाठवावी लागली तेही दिसतं. तिथे सारखे शेकड्यात आकडे येत असतील आणि वेगही पडलेला असेल, तर केबल, पोर्ट किंवा यूएसबीला लावायचं नेटवर्कचं डोंगल यांच्यावर संशय घ्या. ते डोंगल यूएसबी २ च्या भोकात खुपसलेलं नाही ना, हेही बघा. यूएसबी २ ची मर्यादा ४८० मेगाबिट, आणि व्यवहारात त्यातून सेकंदाला तीस-चाळीस एमबीच निघतात. मूळ गिगाबिटचं डोंगल जुन्या पोर्टात लावून नेटवर्कला शिव्या देणारे कमी नाहीत. मीही एक संध्याकाळ त्यात घालवलीय.

तीस-चाळीसच्या आकड्याचं आणखी एक प्रसिद्ध घर आहे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर हौसेने नॅस बांधलेले अनेक जण असतात. २०१८ च्या ३ बी प्लस या मॉडेलवर गिगाबिटचं पोर्ट आहे खरं, पण ते आतून यूएसबी २ मधूनच जोडलेलं, म्हणून जास्तीत जास्त ३०० मेगाबिट. डिस्कही त्याच यूएसबीच्या वाटेवर, म्हणजे तेवढ्यातही वाटणी. २०१९ च्या पाय ४ मध्ये खरं गिगाबिट आणि यूएसबी ३ आलं. जुन्या पायवर कुठलीही सेटिंग बदलून ही भिंत ओलांडता येत नाही.

नेटवर्क दोन्हीकडून ९४० देतंय आणि कॉपी तरी चाळीसवर? मग नेटवर्कचा पिच्छा सोडा. केबलला कॅट ८ या वरच्या दर्जाची झूल चढवून काही होणार नाही, ती आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरीची गोष्ट होईल. घरातल्या अंतरांना गिगाबिटसाठी साधी, नीट क्रिम्प केलेली, तांब्याची कॅट ५ई पुरते.

आता तारेशिवाय डिस्क मोजायची. नॅसवर आतल्या आत, एका फोल्डरमधून दुसऱ्यात मोठी फाइल कॉपी करा. लक्षात ठेवा, यात एकाच डिस्कवरून वाचणं आणि तिच्यावरच लिहिणं दोन्ही चाललेलं असतं, म्हणून आकडा निम्म्याच्या आत येतो. काही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती, अशी कॉपी करताना प्रत्यक्ष डेटा हलवतच नाहीत, नुसती नोंद करून क्षणात 'झालं' म्हणतात. तसं दिसलं तर तो वेग खरा मानू नका. फाइल नॅसच्या मेमरीपेक्षा बरीच मोठी हवी. चार जीबी मेमरीच्या नॅसवर एक जीबीची फाइल टाकून बघणं म्हणजे डिस्कची नाही, मेमरीची परीक्षा.

याच मेमरीमुळे कॉपीच्या खिडकीतल्या वेगाच्या आलेखाला तो ओळखीचा आकार येतो: सुरुवातीला उंच कडा, मग धाडकन खाली, मग पठार. बघणाऱ्याला वाटतं, सुरुवातीला इतका छान पळत होता, मधेच काय झालं? मधे काही झालं नाही. सुरुवातीचा वेग उधारीचा होता. लॅपटॉपने आणि नॅसने फाइल आपापल्या मेमरीत घेऊन 'पोचली' म्हटलं, मेमरी भरल्यावर डिस्कच्या खऱ्या वेगाने लिहिणं सुरू झालं. पठार जिथे आहे तो तुमचा खरा वेग. एसएसडीतही असंच होतं. स्वस्त एसएसडी आतला थोडा भाग जलद पद्धतीने वापरते, तो भरला की कित्येक पट हळू होते. आणि लॅपटॉपकडचं टोक विसरू नका. कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट नॅसवर कॉपी करत असाल तर कार्डच तीसच्या वर वाचत नसेल, मग नॅस बिचारा काय करणार?

पठाराऐवजी आलेखात करवतीचे दात दिसले, म्हणजे शंभर, मग शून्य, मग पुन्हा शंभर, तर एक शक्यता मला लगेच आठवते. शिंगल्ड डिस्क, तंत्रज्ञांच्या भाषेत एसएमआर. छपरावरची कौलं जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात तसे या डिस्कवरचे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसं मधला थोडा डेटा बदलायला शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. हे काम डिस्क मोकळ्या वेळात करते. लांबलचक लिखाणात मोकळा वेळ मिळत नाही, मग ती मधेच लिहिणं थांबवून आवराआवर करते. २०२० मध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता. वेस्टर्न डिजिटलच्या रेड या, खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेतल्या काही डिस्क शिंगल्ड निघाल्या आणि तसं कुठे सांगितलेलं नव्हतं. नंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि साध्या पद्धतीच्या डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. (हे रेड म्हणजे लाल. डिस्का एकत्र बांधायचं जे रेड, ते निराळं. नावं ठेवणाऱ्यांनी ग्राहकाचा फार विचार केला नसावा.) नॅससाठी डिस्क घेताना मॉडेलच्या माहितीपत्रकात 'सीएमआर', म्हणजे ही साधी पद्धत, लिहिलंय का, एवढं बघितलं की झालं.

डिस्का बांधायच्या रेडबद्दल थोडक्यात. रेड ५ मध्ये एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून ताळ्याची माहितीही लिहिली जाते. छोटासा बदल करायचा तर जुना डेटा वाच, जुना ताळा वाच, नवा डेटा लिही, नवा ताळा लिही, अशी एकाची चार कामं होतात. मोठ्या सलग फाइलींना हे फारसं जाणवत नाही. पण डिस्क नुकतीच बदलली असेल किंवा महिन्याची तपासणी चालू असेल, तर नॅस पाठीमागे सगळ्या डिस्का पिंजून काढत असतो. त्या दिवशीचा वेग मोजून निष्कर्ष काढू नका. फोटोंची छोटी चित्रं तयार करणं, चेहरे ओळखणं, हीसुद्धा तशीच पाठीमागची कामं. नवे फोटो टाकल्यावर तासन्‌तास चालतात.

सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो छोट्या फाइलींबद्दल. सिनेमाची फाइल ११२ ने जाते, आणि जुन्या प्रोजेक्टचं फोल्डर टाकायला घेतलं की एक एमबी. माणूस म्हणतो, नॅस लहरी आहे. हिशेब करून बघू. समजा वीस केबीच्या ५० हजार फाइली आहेत, मिळून साधारण एक जीबी. तारेला एवढं वाहून न्यायला नऊ सेकंद पुरेत. पण नॅसवर फाइल ठेवणं म्हणजे नुसतं ढकलणं नाही. या नावाची आहे का, नसेल तर तयार कर, उघड, लिही, तारीख लाव, बंद कर, आणि प्रत्येक सूचनेला नॅसचं उत्तर येईपर्यंत थांब. डिस्कलाही प्रत्येक वेळी डोकं हलवावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद, आणि डोकं तिथवर न्यायला आणखी आठ-नऊ. विखुरलेली जेमतेम ऐंशी कामं एका सेकंदात होतात, त्यापुढे यंत्रशास्त्रच आडवं येतं. एका फाइलमागे सगळं मिळून वीस मिलिसेकंद धरले तरी ५० हजार फाइलींना हजार सेकंद लागले. नऊ सेकंदांचं काम सतरा मिनिटांवर गेलं आणि वेग दिसतोय बरोबर एक एमबी. बिघाड कुठेही नाही.

यावर उपाय साधे आहेत. फोल्डरची एक झिप करून ती एकच फाइल पाठवा, नॅसवर आतल्या आत उघडा. किंवा रोबोकॉपीसारखं साधन वापरा, जे एका वेळी अनेक फाइली हाताळतं. विंडोजमध्ये ते असतंच, एकाच वेळी आठ किंवा जास्त धागे, म्हणजे समांतर कामं, चालवायला सांगता येतं. वाट बघण्याचे वेळ एकमेकांवर चढतात आणि एकूण काम लवकर उरकतं. लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना थांबवून तपासत असतो, तेही या हिशेबात धरा.

नॅसचा प्रोसेसर हा तुकडा राहिलाच. कॉपी चालू असताना नॅसच्या पानावर प्रोसेसरचा वापर बघा, पण सरासरीवर जाऊ नका. प्रोसेसरच्या चार गाभ्यांपैकी (कोअर) एकच शंभर टक्के पेटलेला असेल तर सरासरी पंचवीस दिसते आणि 'बराच मोकळा आहे की' असं वाटतं. एका कॉपीचं बरंचसं काम एकाच गाभ्यावर पडू शकतं. फोल्डर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेलं असेल आणि प्रोसेसरमध्ये त्यासाठीची खास सोय नसेल, तर नेमकं हेच होतं. नॅस बदललेला नसताना वेग अचानक घसरला असेल तर लॅपटॉपचं अपडेट आठवून बघा. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत नॅसशी होणाऱ्या प्रत्येक देवाणघेवाणीवर सही असणं मूळ सेटिंगमध्येच बंधनकारक केलं. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, कारण वाटेत कुणी डेटा बदलला तर कळतं. पण प्रत्येक पाकिटावर सही करायची म्हणजे अशक्त नॅसला घाम फुटतो. सही बंद करता येते. मी करत नाही, आणि कुणाला करायलाही सांगत नाही. आधी नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

आणि एक चमत्कारिक रोग: आकडा दोन-तीन एमबी, फाइल मोठी, तार उत्तम, डिस्क उत्तम. अशा वेळी विचारायचं, नॅस उघडलाय कसा? बऱ्याच नॅसना बाहेरगावाहून उघडायची सोय असते, कंपनीच्या सर्व्हरमार्फत. घरात बसूनही त्याच दुव्याने नॅस उघडला तर कधी कधी फाइल लॅपटॉपवरून इंटरनेटवर जाते, कंपनीच्या सर्व्हरवर पोचते आणि तिथून परत तुमच्याच घरात येते. समोरच्या टेबलावर पोचायला जगप्रदक्षिणा. वेग मग तुमच्या इंटरनेटच्या अपलोडइतका. ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलं असेल तरी असं घडू शकतं. व्हीपीएन बंद करून, नॅसचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता टाकून तीच फाइल पुन्हा पाठवली की लगेच कळतं.

वेगाच्या चर्चांमध्ये दोन उपाय फार पुढे केले जातात, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. एक, जंबो फ्रेम, म्हणजे पाकिटाचा आकार १५०० वरून ९००० बाइट करणं. गिगाबिटवर यातून मिळणारा फायदा फार तर पाच टक्के. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक यंत्राचा आकार जुळला पाहिजे, आणि एखादं सुटलं की काही फाइली जातात, काही अर्ध्यात लटकतात. दुसरा, नॅसच्या दोन पोर्टांना दोन केबल लावून त्या एकत्र बांधणं. दोन माणसं एकाच वेळी कॉपी करत असतील तर ठीक, पण एकाच कॉपीसाठी नुसत्या बांधणीने वेग वाढत नाही, कारण एका संवादाची पाकिटं एकाच तारेने जातात. एक कॉपी दोन तारांवर खरोखर वाटायची तर एसएमबी मल्टिचॅनल (एसएमबी म्हणजे विंडोज आणि नॅस यांच्यातली फाइल देवाणघेवाणीची भाषा) लागतं, आणि ते दोन्ही टोकांना जमलं पाहिजे.

भावाचा परवा परत फोन आला. आता ११२ ही कमी वाटायला लागलेत, अडीच गिगाबिटचा स्विच घेऊ का म्हणून. तार २८० पर्यंत देईल, पण त्याच्याकडे एकीची नक्कल दुसरीवर ठेवणाऱ्या दोनच डिस्क आहेत, म्हणजे लिहिण्याचा वेग एका डिस्कचाच. रिकामी असताना ती दोनशेच्या आसपास लिहील, कारण सुरुवातीचा डेटा तबकडीच्या बाहेरच्या, लांब घेरावर बसतो. भरत आली की डोकं आतल्या छोट्या घेरावर पोचतं आणि तीच डिस्क जवळजवळ निम्म्यावर येते. "किती भरलीय?" मी विचारलं. म्हणाला, नव्वद टक्के.